खाटेवर न पडणारा रोगी : कुत्र्याचा मोडलेला पाय आणि बाह्यबंधाचा इतिहास

मोडलेल्या पायाच्या माणसाला वैद्याची पहिली आज्ञा असते ती पडून राहण्याची. ही आज्ञा कुत्र्याला करता येत नाही. त्याला बांधून ठेवले तर ते दावे चावते, प्लॅस्टर घातले तर दातांनी सोलून काढते, खोलीत कोंडले तर दाराला पंजे लावून उभे राहते. आणि ते उभे राहिले, की मोडलेल्या हाडाची टोके एकमेकांवर घासू लागतात. कुत्र्याच्या या अवज्ञेपुढे पशुवैद्यांनी हात टेकले नाहीत. जो रोगी पडून राहणार नाही त्याचा पाय चालता-चालताच कसा सांधावा, या प्रश्नाला ते भिडले; आणि त्यातून निघालेले उत्तर पुढे माणसांच्या इस्पितळांत गेले. त्याचा इतिहास आज सांगावयाचा आहे.

विषय ऐकून काही मंडळींना नवल वाटले असेल. आम्ही पशुवैद्य नव्हे, आणि शाळेशी आमचा संबंध लवकरच तुटला. परंतु मजूर-संघटनेच्या कामात मोडलेल्या पायांची प्रकरणे पुष्कळ हाताखालून जातात. तुमसर तालुक्यात डोंगरी बुजुर्ग आणि चिखला येथे मँगनीजच्या खाणी आहेत; जिल्ह्यात पोलादाचा कारखाना आहे, भातगिरण्या आहेत. नुकसानभरपाईच्या दाव्यांसाठी डॉक्टरांचे दाखले वाचता वाचता आम्हांला हाडांची नावे पाठ झाली, आणि हाडांची नावे पाठ झाल्यावर हाडांची पुस्तके वाचण्याची खोड लागली. त्या पुस्तकांतून एक गोष्ट ध्यानात आली. माणसाच्या मोडक्या पायाला आज जी खिळ्यांची आणि दांड्यांची चौकट बसवितात, तिच्या घडणीत कुत्र्यांच्या एका डॉक्टरचा मोठा वाटा आहे. हे आमच्या खाणीतल्या गड्यांना सांगितले तेव्हा ते हसले. आपणही हसावे, पण पुढचे ऐकून घ्यावे.

हाड मोडले म्हणजे निसर्ग ते जोडावयास लगेच आरंभ करतो. मोडलेल्या जागी रक्त गोठते, त्यात मऊ कुर्चेसारखा सांधा धरतो आणि मग त्यात चुना भरून तो कठीण होतो. वैद्य हाड जोडीत नाही. तो फक्त तुकडे समोरासमोर आणून स्थिर ठेवतो. सगळे शास्त्र या ‘स्थिर’ शब्दात आहे. आपल्याकडे सुश्रुताने अस्थिभंगावर विस्ताराने लिहिले आहे. झाडांच्या साली आणि बांबू यांच्या पट्ट्या बांधाव्यात, असे तो सांगतो. आणि मांडी किंवा नडगी मोडलेल्या रोग्यासाठी पाच खुंट्या ठोकलेली एक फळी सांगतो, तिला नाव आहे कपाटशयन. रोग्याला फळीवर निजवावयाचे आणि खुंट्यांना अवयव जखडावयाचा, म्हणजे हालचाल होत नाही. आपल्या जिल्ह्यातील हाडवैद्यही बांबूच्या कामट्याच वापरीत आले, आणि साध्या मोडीला त्या पुरतात हे नाकारता येत नाही. ग्रीसमध्ये हिप्पोक्रेटिसाच्या परंपरेत नडगीसाठी निराळी युक्ती होती. घोट्याजवळ एक आणि गुडघ्याखाली एक अशी चामड्याची दोन कडी बसवीत, आणि त्यांच्यामध्ये लवचीक लाकडाच्या काड्या वाकवून अडकवीत. काड्या सरळ होऊ पाहत आणि कडी एकमेकांपासून दूर लोटत, त्यामुळे नडगी ताणलेली राही. जखम मात्र उघडी राही, तिच्याकडे पाहता येई. बाह्यबंधाचा मूळपुरुष म्हणून पुस्तकांत याच युक्तीचा उल्लेख असतो.

त्यानंतरची मोठी पायरी प्लॅस्टरची. हॉलंडच्या सैन्यातील शल्यवैद्य मॅथायसेन याने १८५२ साली जिप्सम चोळलेल्या पट्ट्यांची रीत प्रसिद्ध केली. पट्टी भिजवावयाची, गुंडाळावयाची, काही मिनिटांत ती दगडासारखी होते. माणसाला ही देणगीच झाली. कुत्र्याला तितकीशी नाही, आणि त्याचे कारण कुत्र्याच्या हट्टापुरतेच नाही. ते त्याच्या अंगाच्या घडणीत आहे. प्लॅस्टरचा नियम असा, की मोडलेल्या जागेच्या वरचा सांधा आणि खालचा सांधा हे दोन्ही त्यात जखडले पाहिजेत, नाहीतर मधले हाड फिरत राहते. नडगीच्या बाबतीत हे साधते. कुत्र्याची मांडी मात्र पोटाला चिकटलेली, वर रुंद आणि खाली निमुळती; तिच्यावर घातलेले प्लॅस्टर सैल पायजम्यासारखे घसरते. घसरलेल्या प्लॅस्टरची वरची कड नेमकी मोडलेल्या जागी येते आणि तिथे ओझे वाढविते. शिवाय आत केस, घाम नसलेली पण ओलसर कातडी, वर पावसाळ्याचा चिखल. चार दिवसांत आत जखम होते आणि ती वास आल्याखेरीज कळत नाही.

तेव्हा प्रश्न असा, की हाडाला कातडी आणि मांस यांच्यावरून धरण्याऐवजी प्रत्यक्ष हाडालाच धरता येईल काय? पॅरिसच्या मालगेन याने १८४० साली धातूचे एक टोक पट्ट्याला बसवून नडगीच्या सुट्या तुकड्यावर ते दाबून पाहिले. तीन वर्षांनी गुडघ्याच्या वाटीसाठी त्याने पंज्यासारखी आकडी केली. तेव्हा ईथरची भूल नव्हती आणि जंतूंचे ज्ञानही नव्हते. रोग्यांनी ते कसे सोसले असेल याची कल्पना करवत नाही. १८४६ साली भूल आली, १८६७ मध्ये लिस्टरची जंतुनाशनाची पद्धत, आणि १८९५ मध्ये राँटगेनचे किरण. या तिन्हींवाचून हाडात खिळा मारणे हा अघोरी प्रकारच होता. त्यांच्यानंतर ते शास्त्र झाले.

अमेरिकेत डेन्व्हर येथील पार्कहिल याने १८९७ साली आपले साधन जगापुढे मांडले. मोडलेल्या जागेच्या वर दोन स्क्रू आणि खाली दोन स्क्रू. चारही कातडीबाहेर निघालेले आणि बाहेर एका शिकंज्यात आवळलेले. पुढे जे काही झाले ते याच चार खिळ्यांचा विस्तार आहे. दोनच खिळे असते तर प्रत्येक तुकडा आपापल्या खिळ्याभोवती फिरला असता. प्रत्येक तुकड्यात दोन असले म्हणजे फिरणे थांबते. सुताराला हे सांगावे लागत नाही. फळीला एक खिळा मारला तर फळी गरगर फिरते, दुसरा मारला की बसते. पाचच वर्षांनी बेल्जममध्ये अल्बँ लाँबॉट याने स्वतंत्रपणे तसेच साधन केले. हा लाँबॉट आम्हांला विशेष आवडतो, कारण तो हातांचा माणूस होता. आपली हत्यारे तो स्वतः घडवी, आणि फुरसतीच्या वेळी व्हायोलिन तयार करी. हाड आणि लाकूड यांना गिरमिट कसे लावावे हे ज्याच्या बोटांना ठाऊक आहे त्यालाच ही विद्या वश होते, असे त्याच्या चरित्रावरून आमचे मत झाले आहे.

आता आपण आपल्या कथानायकाकडे येतो. ऑटो स्टेडर हा अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरालगत आर्डमोर येथे पशुवैद्यकी करी. मोटारी वाढत होत्या, आणि मोटारींखाली येणारी कुत्रीही. प्लॅस्टर घातलेले कुत्रे ते कुरतडून परत येई. त्याने १९३० नंतरच्या दशकात एक साधन बनविले. मोडीच्या वरच्या तुकड्यात दोन सळया, त्या एकमेकींशी कोन करून बसविलेल्या, म्हणजे उपटून निघू नयेत; तशाच दोन खालच्या तुकड्यात. प्रत्येक जोडी एका लहान ठोकळ्यात आवळलेली. आणि दोन्ही ठोकळ्यांना जोडणारी एक दांडी, जिला दोन्ही टोकांकडून उलटसुलट आटे. तंबूचे किंवा विजेच्या खांबाचे ताण आवळण्यासाठी मधोमध फिरवावयाचा जो पेच असतो तो आपण सर्वांनी पाहिला आहे. दांडीचे तत्त्व तेच. एका बाजूने फिरविली की हाडाची टोके दूर जातात, उलट फिरविली की जवळ येतात. आणि ठोकळ्यांवरचे स्क्रू सैल करून बाक, वळण हेही दुरुस्त करता येते. म्हणजे एकाच यंत्राने हाड बसवावयाचे आणि त्याच यंत्राने ते धरून ठेवावयाचे. गुडघा मोकळा, घोटा मोकळा. कुत्रे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्या पायावर भार देऊ लागे.

स्टेडरच्या कुत्र्यांकडे पाहून ज्यांचे डोळे उघडले ते न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयातील शल्यवैद्य होते. बेलव्ह्यू हे सार्वजनिक रुग्णालय. गोदीतले हमाल, इमारतींवरून पडलेले कामकरी, रस्त्यावर गाडीखाली आलेले गरीब यांचे ते माहेर. तेथील केनेथ लुईस आणि लेस्टर ब्रायडेनबाख यांच्यापुढे प्रश्न असा, की मांडी मोडलेला माणूस वजने टांगून खाटेवर दोन-दोन, तीन-तीन महिने पडे. खाट अडे, त्याची रोजी बुडे, पाठीला जखमा पडत, गुडघा आखडे. आणि इकडे एक पशुवैद्य मांडी मोडलेले कुत्रे दोन दिवसांत चालवून दाखवितो! त्यांनी ते साधन माणसांना लावले. १९४२ साली शल्यशास्त्राच्या एका प्रतिष्ठित मासिकात त्या दोघांनी आणि स्टेडरने मिळून आपला अनुभव प्रसिद्ध केला. तीन नावांत एक नाव पशुवैद्याचे, हे त्या काळी काही थोडे नव्हते. अमेरिकेचे आरमार तेव्हा युद्धात उतरले होते. डोलणाऱ्या जहाजावर टांगलेली वजने झोके घेतात. त्यामुळे ही चौकट आरमाराला फारच सोयीची वाटली. १९४३ साली तिच्यावर आरमारी डॉक्टरांनी आख्खे पुस्तक लिहिले.

इतके झाल्यावर या पद्धतीचा सर्वत्र जयजयकार झाला असेल, असे वाटेल. तसे झाले नाही. युद्धाच्या घाईत शिकाऊ हातांनी सळया मारल्या. जोरात फिरणाऱ्या गिरमिटाने हाड भाजते. भाजलेले हाड मरते आणि मेलेल्या हाडात सळई सैल होते. सैल सळईभोवती पू धरतो. अशी प्रकरणे साचली तेव्हा सैन्याने पद्धतीवरच रोख ठेवला. १९५० साली अमेरिकेतील अस्थिशल्यवैद्यांच्या संस्थेने आपल्या सभासदांची मते मागविली, तेव्हा ज्यांनी ती वापरली होती त्यांतील पुष्कळांनी सोडून दिल्याचे आढळले. कारागीर कच्चा असला की हत्याराला दोष, हा न्याय आम्ही कारखान्यांतून पुष्कळ पाहिला आहे. तेथे तर उलटही पाहतो : हत्यार झिजलेले आणि दोष कामगाराला.

माणसांच्या डॉक्टरांनी टाकलेली ही विद्या त्या मधल्या काळात जिवंत कोणी ठेवली? कुत्र्यांच्या डॉक्टरांनी. सिअॅटल शहरातील रॉजर अँडरसन या शल्यवैद्याने माणसांसाठी एक सुटसुटीत चौकट केली होती. त्याच शहरातील पशुवैद्य एमर याने ती लहान करून कुत्र्या-मांजरांना बसेल अशी केली, आणि युद्धानंतर कर्शनर कंपनीने ती विकावयास आणली. ‘कर्शनर-एमर’ या जोडनावाने ती पशुवैद्यांच्या हाती पुढची चार-पाच दशके राहिली. त्यांना ती सोडणे परवडण्यासारखे नव्हते. माणसाच्या डॉक्टरला खाट आणि परिचारिका हा दुसरा मार्ग होता. यांच्या रोग्याला खाट ठाऊक नव्हती. युरोपात जिनिव्हाच्या हॉफमनने १९३८ मध्ये केलेली चौकट १९६० नंतर फ्रान्समध्ये सुधारून वापरात आली, आणि मग माणसांचे डॉक्टरही परत फिरले.

दुसरी वाट रशियातून आली. गाव्रिल इलिझारोव्ह हा सायबेरियातील कुर्गान प्रांतात एका खेड्याचा डॉक्टर होता. युद्धातून परतलेले लंगडे सैनिक त्याच्याकडे येत. १९५१ साली त्याने कड्यांची चौकट तयार केली : पायाभोवती गोल कडी, आणि कड्याच्या या काठापासून त्या काठापर्यंत हाडातून आरपार गेलेल्या बारीक तारा, सायकलच्या आऱ्यांसारख्या ताणलेल्या. सायकलचे चाक उचलून पाहावे. आरा एकटा बोटाने वाकतो, पण ताणून बसविलेले सगळे आरे मिळून माणसाचे वजन तोलतात. पुढे त्याच्या ध्यानात आले, की कडी रोज एक मिलिमीटर, तीही चार हप्त्यांत, दूर सारली तर मधल्या फटीत नवे हाड उगवते. मॉस्कोने त्याच्याकडे बरीच वर्षे पाठ फिरविली. १९६४ चा ऑलिंपिक विजेता उंच उडीपटू ब्रुमेल याचा पाय मोटारसायकलच्या अपघातात चिरडला होता. अनेक शस्त्रक्रियांनी जे झाले नाही ते १९६८ मध्ये कुर्गानला झाले. १९८० साली कार्लो माउरी हा इटालियन गिर्यारोहक तेथे गेला आणि बरा होऊन आला, तेव्हा त्याच्या देशातील डॉक्टरांनी पुढच्याच वर्षी इलिझारोव्हला बोलावून घेतले. एवढ्या अवधीत ज्यांचे पाय कापले गेले त्यांचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

इथे एक अप्रिय गोष्ट सांगितली पाहिजे. नवे हाड उगवण्याचा जो नियम इलिझारोव्हने सिद्ध केला तो कुत्र्यांच्या पायांवर प्रयोग करून. त्यासाठी धडधाकट पाय मुद्दाम कापले गेले. स्टेडरने मोडलेल्या कुत्र्याला बरे केले आणि त्यातून माणसाचा फायदा झाला. कुर्गानमध्ये कुत्र्याला मोडून माणसाचा फायदा केला. दोहोंतून आलेले ज्ञान आज एकाच पुस्तकात शेजारी छापलेले असते. आम्ही ते ज्ञान टाका म्हणत नाही. पण आपल्या गल्लीतील कुत्र्याचा पाय मोडतो तेव्हा त्या जातीचे देणे आपल्याकडे निघते, इतके तरी कबूल करावयास हवे.

आता आपल्या महाराष्ट्राकडे वळू. जनावरांच्या शास्त्रीय वैद्यकीचा आरंभ आपल्याकडे मुंबईत परळला झाला. गिरणीमालक सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून त्यांच्या पत्नी साकरबाई यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय तेथे १८८३-८४ च्या सुमारास उभे राहिले, आणि त्याच आवारात १८८६ मध्ये पशुवैद्यक महाविद्यालय निघाले. या सालांशी आणखी एक साल जोडून पाहावे, असे आम्ही सुचवितो. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांची सभा भरवून मागण्यांचा अर्ज केला. रविवारची सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती या मागण्या सर्वांना माहीत आहेत. त्याच अर्जात अशीही मागणी होती, की कामावर जबर इजा झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा. त्याच परळ-लालबागच्या टापूत जखमी बैलाला आणि कुत्र्याला निवारा मिळाला होता. जखमी गिरणी कामगाराला मात्र कायद्याने नुकसानभरपाई मिळावयास १९२३ साल उजाडले, आणि तीही तात्पुरत्या अपंगत्वात निम्म्या पगाराच्या हिशेबाने. यात रुग्णालय बांधणाऱ्यांचा दोष आम्ही काढीत नाही. त्यांनी चांगलेच केले. मोडलेल्या पायाच्या रोग्याला, मग तो दोन पायांचा असो की चार, पडून राहणे परवडते की नाही हा वैद्यकाबरोबर पैशाचाही प्रश्न आहे, हे मात्र त्या दोन सालांवरून नीट दिसते.

पुण्याचाही या इतिहासात वाटा आहे. आज उत्तर प्रदेशात बरेलीजवळ इज्जतनगर येथे असलेली भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था मूळची पुण्याची. १८८९ साली विज्ञान महाविद्यालयाच्या आवारात जंतुशास्त्राची प्रयोगशाळा म्हणून ती निघाली आणि चार वर्षांनी कुमाऊँच्या डोंगरात गेली. तिथल्या शल्यवैद्यांनी अलीकडच्या काळात बाह्यबंध भारतीय खिशाला झेपेल असा करण्यावर पुष्कळ काम केले आहे. त्यांची एक युक्ती तर प्लंबरला आवडावी अशी. क्लॅम्प महाग पडतात. म्हणून हाडातून सळया काढून त्यांची बाहेरची टोके वाकवावयाची, एकमेकांशी बांधावयाची, आणि वरून दोन गोळे मळून एकत्र केले की घट्ट होणारी इपॉक्सीची लुगदी थापावयाची. नळ गळू लागला की आपण थापतो त्याच जातीची. काही वेळात तिची दांडी होते. लहान कुत्री, मांजरे, वासरे यांच्या गुडघ्याखालच्या मोडींना ही रीत चालते असे त्यांनी दाखविले आहे. मुंबईच्या डॉ. बी. बी. जोशी यांचीही आठवण येथे केली पाहिजे. त्यांनी १९८० नंतरच्या दशकात बारीक तारा, हलक्या दांड्या आणि साधे जोड यांची एक चौकट माणसाच्या हातासाठी केली. पुढे ती जन्मतः वाकड्या पावलांच्या मुलांसाठी देशभर वापरली गेली. परदेशी यंत्राच्या किमतीकडे पाहून हात चोळीत न बसता आपल्या लेथवर होईल असे साधन काढणे, हा गुण दोन्हीकडे सारखाच आहे. मिरजेच्या डॉ. जी. एस. कुलकर्णी यांनी इलिझारोव्हची पद्धत आपल्याकडे रुजविण्यासाठी जे श्रम केले तेही याच रांगेतले.

आमच्या भंडाऱ्याला सर्वांत जवळचे पशुवैद्यक महाविद्यालय नागपूरचे. ते १९५८ साली निघाले आणि २००० पासून पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली आहे. भंडाऱ्याहून ते साठ-पासष्ट किलोमीटर. माणसाला हे अंतर काही नाही. पाय मोडलेल्या कुत्र्याला एस. टी.त घेऊन जाऊन पाहावे, म्हणजे अंतर कळते.

आणि पाय मोडण्याची जागा तर आमच्या दारातच आहे. नागपूर-रायपूर महामार्ग, पूर्वीचा ६ क्रमांकाचा आणि आता ५३, भंडारा, लाखनी, साकोली असा जिल्ह्याला चिरीत जातो. रात्री ट्रक धावतात, कडेला धाबे आहेत, धाब्यांशी उष्टे आहे आणि उष्ट्याशी कुत्री आहेत. गाडीच्या धक्क्याने बहुधा मांडीचे हाड, कमरेचे कडे, नडगी किंवा पुढच्या पायाची जोडहाडे जातात. खेड्यांत निराळे प्रकार : रानडुकराने फेकलेले, बैलगाडीच्या चाकाखाली आलेले, काठीने मारलेले. धानाच्या बांधीवर रात्रभर डुकरे हाकणारे कुत्रे हे कुणब्याच्या घरचे बिनपगारी राखणदार असते. ते तीन पायांवरही जगते, असे लोक सांगतात, आणि ते खोटे नाही. चेचून गेलेला पाय कापणे हाच कित्येकदा शहाणपणा असतो. पण नुसता मोडलेला पाय वेडावाकडा जुळून लोंबत राहिला, तर धुऱ्यावरून धावणारे ते कुत्रे राखणीच्या कामातून उठते, आणि कामातून उठलेल्या जनावराला गरिबाच्या घरी किती दिवस भाकर मिळते हे आम्हांस ठाऊक आहे.

‘माणसांना औषध नाही आणि तुम्ही कुत्र्यांच्या पायांत सळया घालता?’ हा प्रश्न आम्हांला चौकात विचारला गेलेला आहे. विचारणारा माणूस वाईट नव्हता. त्याला आम्ही बेलव्ह्यूची हकीकत सांगितली. तो म्हणाला, ती अमेरिका. म्हणून मग खर्चाचा तपशील सांगणे भाग पडले.

प्रत्येक मोडीला सळया लागत नाहीत हे आधी सांगू. पिल्लाच्या नडगीला नुसती चीर गेली असेल, कातडी फाटली नसेल, तर प्लॅस्टर किंवा कामट्या पुरतात. तीन-चार आठवड्यांत हाड जुळते. जिथे हाड कातडी फोडून बाहेर आले आहे, जखम रोज धुवावयाची आहे, तुकडे फार झाले आहेत, तिथे बाह्यबंधाची खरी गरज. आत लोखंडी पट्टी बसविली तर घाण आत कोंडते. बाहेरच्या चौकटीत जखम उघडी राहते. नडगी आणि पुढच्या पायाची हाडे यांना ती चांगली मानवते, कारण एका बाजूला हाड कातडीलगत असते. मांडीवर मांस जाड. तिथे सळईभोवती स्नायू सरकत राहतात आणि दुखते. म्हणून मांडीसाठी पुष्कळदा हाडाच्या पोकळीत एक लांब सळई घालून तिला बाहेरच्या दांडीचा आधार देतात.

क्रिया अशी. दोन दिशांनी एक्स-रे, भूल, केस काढून स्वच्छता. सळईची जाडी हाडाच्या जाडीच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास. त्याहून फार जाड असेल तर भोकाच्या जागीच हाड पुन्हा मोडते. गिरमिट सावकाश फिरवावयाचे. हा धडा युद्धातल्या पुवाने शिकविला. प्रत्येक तुकड्यात निदान दोन सळया, एक मोडीजवळ आणि एक दूर. दांडी कातडीच्या जितकी जवळ तितकी चौकट ताठ, पण सूज यावयास बोटभर जागा ठेवलीच पाहिजे. सळया वैद्यकीय पोलादाच्या, ज्याला ३१६ एल म्हणतात. दांड्या आणि क्लॅम्प उकळून, धुऊन पुन्हा दुसऱ्या कुत्र्याला चालतात, आणि इथेच खर्च आटोक्यात येतो. भांड्यांच्या कामासाठी एके काळी नावाजलेल्या आमच्या गावात, जिथे पितळ ठोकणारे आणि लेथ चालविणारे हात अजून आहेत, तिथे क्लॅम्प घडविणे अशक्य आहे असे आम्हांला कोणी सांगू नये. सळईचे पोलाद मात्र बाजारातले चालणार नाही.

खरे काम त्यानंतरचे आहे आणि ते डॉक्टरचे नव्हे. सळया जिथे कातडीतून निघतात तिथे रोज मिठाच्या निर्जंतुक पाण्याने पुसणे, नट सैल झाले का पाहणे, चाटू नये म्हणून गळ्यात कॉलर ठेवणे, काटेरी कुंपणात चौकट अडकू न देणे. मालक असलेल्या कुत्र्याला घरची बाई किंवा पोर हे करते. रस्त्यावरच्या कुत्र्याला कोणी नसते, आणि अशा कुत्र्याला चौकट बसवून पुन्हा रस्त्यावर सोडणे हा निर्दयपणा आहे असे आमचे मत आहे. त्याला सहा ते दहा आठवडे ठेवावयास जागा हवी. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याने जनावराला यातना देणे गुन्हा ठरविले. यातनेतून बरे होईपर्यंत त्याने राहावे कुठे, याची तजवीज प्रत्येक गावाने आपापली करावयाची आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी चार-सहा पिंजरे, सळया-क्लॅम्पची एक पेटी, एक पाना आणि पुसणारा एक माणूस, इतक्यावर आरंभ होतो. त्या माणसाला रोजी द्यावी. फुकट सेवेवर अशी कामे दोन महिने चालतात आणि बंद पडतात.

हाड जुळू लागले की चौकट एकदम काढीत नाहीत. आधी एखादी दांडी, मग एखादी सळई अशी कमी करीत जातात, म्हणजे भार हळूहळू हाडावर येतो आणि ते घट्ट होते. कारखान्यात नवीन बांधलेल्या कमानीखालचे टेकू काढतात तसेच. शेवटच्या सळया काढावयास शस्त्रक्रिया लागत नाही. थोडे गुंगीचे औषध देऊन उलट फिरवून काढतात, आणि कातडीवरची भोके काही दिवसांत मिटतात. हाडातली भोके भरावयास आणखी काही आठवडे जातात. तेवढे दिवस कुत्र्याला उड्या मारू देऊ नयेत, असे सर्व पुस्तकांत लिहिलेले आहे. ते त्याला कोणी आणि कसे सांगावे, हे मात्र आमच्या वाचनात कुठे आले नाही.